चौकीवर पोचवलेला बटवा

माझे सासरे कुठल्याही घरी गेले की माणसांच्या आधी खुर्चीची विचारपूस करतात. बसण्यापूर्वी सीट तळव्याने दाबतात, जरा कान देतात आणि मग यजमानांना सांगतात, "डावीकडची स्प्रिंग गेलीय." माझ्या लग्नाच्या बोलणीसाठी आमच्याकडे आले तेव्हाही त्यांचं पहिलं वाक्य हेच होतं. माझे वडील चपापले. त्यांना वाटलं, नकार द्यायचं निमित्त शोधतायत. प्रत्यक्षात पुढच्याच आठवड्यात ते हत्यारांची पिशवी घेऊन आले, दुपारभर आमच्या दिवाणखान्यात उकिडवे बसले आणि निघताना म्हणाले, "आता जमलं म्हणा." सोफ्याबद्दल म्हणाले की स्थळाबद्दल, ते आजतागायत कुणी विचारलेलं नाही.

सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा, धंदा सोफे, खुर्च्या, बाकडी नव्याने मढवायचा. जुनं कापड फाडायचं, स्प्रिंगा आवळायच्या, फोम बदलायचा, वरून नवं कापड चढवायचं. कोपऱ्यात आत वळून शिवायला अर्धगोल सुई लागते, ती त्यांच्या शर्टाच्या खिशाला कायम टोचलेली असते. बाजार त्यांना 'वाकडी सुई' म्हणूनच ओळखतो. स्वभाव पाहता नाव चुकलेलं नाही.

आता या हकिकतीचं मूळ असलेली त्यांची रीत सांगते. सोफा फाडला की त्याच्या पोटातून काहीबाही निघतं. कंगवे, बटणं, किल्ल्या, एकदा तर कवळी. बाकीचे कारागीर असलं काही सापडलं तर फेकतात किंवा खिशात टाकतात. बाबा त्याचा बटवा शिवतात. त्याच सोफ्याच्या नव्या कापडाच्या तुकड्यातून, दुहेरी शिवणीचा, कडेला गोट लावलेला. त्यावर वाकड्या सुईचं चित्र आणि दुकानाचा फोन नंबर छापलेली चिठ्ठी शिवतात आणि सोफ्याबरोबर परत पाठवतात. "लोकांचं पोटातलं लोकांना द्यावं," असं त्यांचं म्हणणं. पुडी कसलीही असो, ते उघडून बघत नाहीत. उघडून बघणं त्यांना चोंबडेपणा वाटतो.

मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर काचा बदलत विचारत असते, "हे बरं की आधीचं?" बाबांना मी शंभरदा म्हटलं असेल, एकदा येऊन बसा. उत्तर ठरलेलं, "माझे डोळे माझ्या बोटांत आहेत." मग मी नाद सोडला. त्यात गेलं वर्षभर संध्याकाळी घरी जाताना मी त्यांच्या दुकानात डोकावले की ते सहज म्हणायचे, "सूनबाई, ते काळं रीळ दे गं," "ते निळं दे." मला बाई कोण आनंद. पोटच्या पोराने या धंद्याकडे पाठ फिरवून जहाजावरची नोकरी धरली, पण सासरे मला हाताशी घेतायत, असं मी मैत्रिणींना सांगत सुटले होते.

तर एका आठवड्यात बाबांकडे दोन कामं होती. एका नव्या जोडप्याने जुन्या बाजारातून घेतलेला सोफा आणि पोलीस चौकीतलं, लोक बसून बसून खपाटीला गेलेलं बाकडं. दोन्हीला रेक्झीन. दोन्ही एकाच टेम्पोत गेली, दोन्हींबरोबर एकेक बटवा गेला. आणि दुसऱ्या दिवशी चौकीतून फोन आला, ताबडतोब या.

बाबांना वाटलं, बाकडं आवडलं. स्वच्छ शर्ट घालून गेले.

टेबलावर बटवा उघडा पडला होता आणि त्यातली प्लॅस्टिकची पुडी शेजारी होती. पुडीत पांढरी पावडर. नवे फौजदार बदलून आल्याला महिना झाला नव्हता, काहीतरी करून दाखवायची त्यांना घाई होती. त्यांनी विचारलं, "हे तुमचं?" आणि बाबांनी शेजारी वकील सोडाच, एक पेला पाणीही नसताना तासभर तोंडाचा पट्टा चालवला. हो, बटवा मीच शिवला. हो, पुडी मीच घातली. हो, चार दिवस माझ्याच दुकानात होती. हवालदाराने जबाबात 'शिवलेली पिशवी' असं लिहिलं, तेव्हा बाबांनी त्याला थांबवलं. "पिशवी नाही, बटवा. दुहेरी शिवण. गोट लिहा." हवालदाराने गोट लिहिला. बाबांनी खाली सही केली, तीही झोकदार.

मग फौजदारांनी सांगितलं की पावडर अंमली पदार्थ असल्याचा संशय आहे आणि तुमच्यावर तो बाळगल्याचा गुन्हा दाखल होतोय. बाबा म्हणाले, ती तर ढेकणांची पावडर, जुन्या सोफ्याच्या हातात ठेवतात लोक. कुठल्या सोफ्याच्या? त्या जोडप्याच्या. फौजदारांनी तिथल्या तिथे जोडप्याला फोन लावला. ती बिचारी खरं तेच बोलली. आमच्या सोफ्याबरोबर आलेल्या बटव्यात पेनाची दोन टोपणं आणि एक बटण आहे, पुडी-बिडी काही नाही.

दुकानाची झडती झाली. कापडावर खुणा करायच्या खडूच्या भुकटीचा डबा मिळाला, पांढरी दिसली म्हणून तीही गेली. बाबांची रात्र कोठडीत गेली, दुसऱ्या दिवशी दुपारी मी जामीन राहिले आणि बाबांना घरी आणलं. वाटेत ते एवढंच बोलले, "बाकड्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत."

घरी मी त्यांना समोर बसवलं. "बाबा, बटव्यांची अदलाबदल झाली असेल."

"चाळीस वर्षांत माझ्याकडून अदलाबदल झालेली नाही."

"मग पुडी बाकड्यातून निघाली?"

"नाही. सोफ्याच्या हातातून निघाली."

"मग ती चौकीवर कशी गेली?"

यावर ते उठून स्टुलाचे पाय तपासू लागले. सासूबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या, पण मूग गिळून होत्या. मला त्यांचाही राग आला. नवरा बोटीवरून फोनवर म्हणाला, चांगला वकील बघ. जसं काही वकील भाजीच्या गाडीवर मिळतात.

मी रजा टाकली आणि बाबांना घेऊन वकील बघायला निघाले.

पहिल्या वकिलांचं कार्यालय मोठं होतं. भिंतीवर मोठ्या लोकांशी हात मिळवतानाचे फोटो, आणि प्रत्येक फोटोत वकील कॅमेऱ्याकडे बघतायत. कागद न वाचताच ते म्हणाले, "निश्चिंत राहा. सुटल्यातच जमा समजा. माझी वर ओळख आहे." मी विचारलं, असले खटले किती चालवलेत? त्यांनी आणखी एक फोटो दाखवला. मी दुकानात लोकांना कधी सांगत नाही की तुमचे डोळे नवे करून देते, आणि जो सांगेल त्याच्याकडे मी कुणाला पाठवणार नाही. बाबांचंही मत प्रतिकूल पडलं. "खुर्ची महाग आहे, पण आत भुसा आहे."

दुसरे वकील नवऱ्याच्या मित्राचे काका. माणूस गोड. त्यांचं काम मुख्यतः घरभाड्याच्या भांडणांचं. त्यांनी कागद तरी वाचले. वाचून म्हणाले, "पुडी लहान आहे. विक्रीचा आरोप नाही, नुसतं बाळगल्याचा आहे. कबूल करून टाका, दंड होईल, संध्याकाळी घरी. कशाला वर्षभर फेऱ्या मारता?"

मी म्हटलं, "पण यांनी केलंच नाही तर कबूल काय करायचं?"

"अहो ताई, सुटका महत्त्वाची."

मला वाटलं बाबा आता वाकडी सुई काढणार. पण ते मान डोलावत होते. जिन्यावरून उतरताना म्हणाले, "हे गृहस्थ बरे आहेत." आयुष्यात कुणाचा खिळा घेतला नाही असा हा माणूस, गर्द बाळगल्याचा शिक्का घ्यायला तयार होतो, तेही इतक्या खुशीने. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, अजून एक बघायचा, मग ठरवू. आमच्या दुकानात हाच नियम आहे, दोन काचांवर निकाल देत नाही.

तिसऱ्या वकीलबाई. त्यांचं नाव मला न्यायालयाबाहेर कागद टाईप करणाऱ्या बाईंनी सांगितलं. मी त्यांना सरळ विचारलं होतं, तुमच्या घरच्यांवर असला आरोप आला तर तुम्ही कुणाकडे जाल? त्यांनी टायपिंग न थांबवता पत्ता सांगितला. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर एक खोली, त्यात एक टेबल, कागदांचे गठ्ठे आणि करकरणारी खुर्ची. बाई बसल्या की खुर्ची करकरे, वळल्या की करकरे. बाबा कासावीस झाले. त्यांना तिथे आरोपापेक्षा खुर्चीचाच त्रास जास्त होत होता.

वकीलबाईंनी कसलंही आश्वासन दिलं नाही. उलट प्रश्न विचारले. पोलिसांशी काय काय बोललात? बाबांनी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "यापुढे मी सोबत नसताना या विषयावर कुणाशीही बोलायचं नाही. शेजाऱ्याशी नाही, टेम्पोवाल्याशी नाही. नाव, पत्ता विचारला तर सांगा. बाकी वकील बोलेल."

"खोटं काय बोललो मी?" बाबा म्हणाले.

"खरंच बोललात. म्हणूनच सांगते."

मग त्यांनी आरोप समजावून सांगितला आणि तो पहिल्यांदा मला नीट कळला. "यात बघायच्या गोष्टी तीन. एक, ती पावडर म्हणतात ती वस्तूच आहे का, ते प्रयोगशाळा सांगेल. दोन, ती तुमच्या ताब्यात होती का. ते तुम्ही सहीनिशी देऊन बसलाय, गोटासकट. तीन, ती काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं का. आपला सगळा जीव या तिसऱ्यात आहे. पण नुसतं 'मला ठाऊक नव्हतं' म्हणून भागत नाही, ते सगळेच म्हणतात. ते न्यायाधीशांना दिसलं पाहिजे. पुडी सोफ्यातून निघाली, रीतीप्रमाणे बटव्यात गेली आणि चुकून चौकीवर पोचली, एवढं जर दाखवता आलं तर बास. जाणूनबुजून कुणी असली वस्तू स्वतःच्या फोन नंबरासकट चौकीवर पाठवत नाही."

मी विचारलं, "आणि कबूल केलं तर?"

"तर संध्याकाळी घरी. पण मग जन्मभर कुठल्याही कागदावर विचारतील, गुन्हा सिद्ध झालाय का, आणि तुम्हाला हो लिहावं लागेल. निर्णय तुमचा. फक्त दोन्ही बाजू बघून घ्या."

हे बरं, मी मनात म्हटलं. आधीचं नाही.

त्या जबाब वाचू लागल्या. "'गडद निळ्या रेक्झीनचा, दुहेरी शिवणीचा, कडेस गोट असलेला बटवा.' हे सगळं तुम्ही सांगितलंत?"

"शिवण आणि गोट मी," बाबा म्हणाले. "निळा हवालदारांनी आपल्या मनाने लिहिलं."

मी ताडकन सरळ बसले. बाकडं काळं होतं. निळा सोफा होता. रिळं मीच हातात दिली होती. ज्याचं कापड त्याचा बटवा, मग निळा बटवा हा सोफ्याचाच, आणि जोडप्याकडे गेलाय तो काळा असणार. मी हे भराभर सांगितलं. वकीलबाईंनी ते टिपून घेतलं आणि मग त्या बाबांकडे वळल्या. खुर्ची करकरली.

"अदलाबदल कशी झाली?"

"माझ्याकडून अदलाबदल होत नाही."

टेबलाच्या कडेला दोन फाइली होत्या. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "त्यातली काळी जरा देता?"

बाबांचा हात पुढे झाला आणि दोन्ही फाइलींच्या वर थांबला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी सहज, रीळ मागताना बघायचे तसं.

मला त्या खोलीत रडू यायला लागलं. काळं दे, निळं दे. ते मला धंदा शिकवत नव्हते. त्यांना दिसत नव्हतं. मोतीबिंदू पिकत आला की गडद निळा आणि काळा एकच वाटू लागतात, हे मी रोज दहा अनोळखी माणसांना समजावून सांगते, आणि वर्षभर माझ्या घरातला माणूस माझ्यासमोर चाचपडत होता. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्यांचा राग आला.

खाली किल्लीवाल्याच्या दुकानासमोर मी त्यांना गाठलं. ते भराभर पुढे चालले होते.

"दुसऱ्या वकिलांकडे जाऊ," ते म्हणाले. "कबूल करतो."

"बाबा, तुम्हाला कळतंय का काय बोलताय?"

"कळतंय. गर्दवाला म्हटलं तर लोक चार दिवस बोलतील आणि सोफा घेऊन येतील. सोफ्याला काय त्याचं? पण रंग दिसत नाही म्हटलं, तर मला फडकं शिवायला कोण देईल?"

मी रिक्षा थांबवली आणि त्यांना घरी घेऊन आले.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर घरी मिळालं, तेही सासूबाईंकडून. मी आल्या आल्या सगळं भडाभडा ओकले. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. दोन वर्षं झाली, आतल्या टाक्यांच्या सुया मी ओवून देते. सकाळी डबा भरताना वीस सुया ओवून डब्याच्या झाकणात टोचून पाठवते."

मी बाबांकडे पाहिलं. ते स्टुलाकडे बघत होते.

"आणि एक ऐका," सासूबाई त्यांना म्हणाल्या. "तुम्ही सांगू नका म्हणालात, मी तोंड उघडलं नाही. पण उद्या तुम्ही तिथे उभं राहून मी गर्द बाळगतो असं सांगणार असाल, तर मला आधी सांगा. कारण त्या सुया मी ओवल्यात. गर्दवाल्यासाठी मी डोळे फोडून घेतलेले नाहीत."

एवढं बोलून त्या आत गेल्या. बाबा उठले. मग स्टूल उलटं करून त्यांनी त्याचा एक पाय आवळला, सरळ ठेवलं आणि मला म्हणाले, "त्या खुर्चीवाल्या बाईंना फोन लाव."

तारखेला न्यायालयात गर्दी बेताची होती. वकीलबाईंनी जोडप्याला बोलावलं होतं, ते काळा बटवा घेऊन आले होते. प्रयोगशाळेचा कागदही आला होता. पुडीतली पावडर संशय होता तीच निघाली, आणि डब्यातला खडू खडूच निघाला. वकीलबाईंनी सोफ्याच्या कापडाचा तुकडा निळ्या बटव्याशेजारी ठेवला आणि बाकड्याचा काळ्याशेजारी. जुळले. जोडप्याने सांगितलं की सोफा आम्ही जुन्या बाजारातून घेतला, आधी तो कुणाचा होता ते आम्हाला माहीत नाही. फौजदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण महिनाभर त्यांनी पुडीकडेच पाहिलं होतं, बटव्याकडे नाही.

सरकारी वकील उठले. "पण मुरलेल्या कारागिराला काळ्या-निळ्यातला फरक कळला नाही, हे पटत नाही."

वकीलबाई बाबांकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, हे मी बोलणार नाही, तुम्हीच बोलायचं.

बाबा उठले. खिशाला सुई नव्हती, दारातल्या शिपायाने काढून घेतली होती, त्यामुळे हात कुठे ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं. "साहेब, मला काळा आणि निळा वेगळा दिसत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं नव्हतं."

न्यायाधीशांनी दोन्ही बटवे त्यांच्या पुढ्यात ठेवायला सांगितले. "निळा कोणता?"

बाबांनी दोन्ही हातात घेतले. शिवणीवरून बोट फिरवलं, गोट चाचपला, प्रामाणिकपणे खिडकीच्या उजेडात धरून बघितले, आणि एक पुढे केला. काळा. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मी वळून असं बघितलं की पुढचं हसू त्याने गिळलं.

खटला तिथेच निकालात निघाला. फौजदार त्या सोफ्याच्या आधीच्या मालकाच्या मागे लागले. बाहेर पायऱ्यांवर मी वकीलबाईंचे आभार मानले, बाबांनी मानले नाहीत. त्यांनी विचारलं, "खुर्ची कधी पाठवताय?"

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख मी घेऊन ठेवली आहे, दोन आठवड्यांवर आहे. तोवर दुकान बंद ठेवा म्हटलं, तर ऐकतील ते बाबा कसले. बातमी बाजारभर झालीच होती. पहिले तीन दिवस कुणी फिरकलं नाही. बाबा रिकाम्या दुकानात बसून स्वतःचंच स्टूल तिसऱ्यांदा मढवत होते, आणि मला संध्याकाळी तिथे डोकवायची हिंमत होत नव्हती.

चौथ्या दिवशी हवालदार आला. मागे हातगाडी, गाडीवर चौकीतलं दुसरं बाकडं. म्हणाला, पहिल्या बाकड्यावर बसायला लोकांची भांडणं होतात, याचंही तसंच करून द्या. मी त्या दिवशी धीर करून तिथे गेले होते. बाबांनी बाकडं दाबून पाहिलं, कान दिला, मग फळीवरचा रेक्झीनचा एक ताका ओढून हवालदारासमोर टेबलावर पसरला. नेहमीसारखं माझ्याकडे चोरून बघितलं नाही. दुकानात ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "सूनबाई, हा रंग कोणता?"

"काळा, बाबा," मी म्हटलं.

"मग त्याचंच रीळ दे," ते म्हणाले आणि डब्याच्या झाकणातली ओवलेली सुई काढून कामाला लागले.